संत्र्याच्या बागेत जाम झालेली गवताची मशीन: ई२० पेट्रोल आणि टू-स्ट्रोक यंत्रांचं एक प्रकरण

जुलैच्या मध्यात अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात एका शेतकरी गटाची ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून गवत कापायची मशीन, संत्र्याच्या बागेत चालता चालता जाम झाली. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन हंगाम वापरलेलं. त्याच आठवड्यात गावातल्या दुसऱ्या एका बागाईतदाराची तशीच मशीन कितीही दोरी ओढली तरी चालू होईना. आणि गटाचाच पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारा मात्र काहीही तक्रार न करता रोज चालत होता. तिघांनाही पेट्रोल एकाच पंपावरचं, ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल (उसा-मक्यापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेलं. गावात निकाल लागून गेला होता: पंपवाला पेट्रोलमध्ये पाणी टाकतो. चार जण पंपावर भांडूनही आले होते.

लहान इंजिनांची दुरुस्ती हे माझं काम, आणि अशा गटांना यंत्र वापरायचं प्रशिक्षणही मी देतो, म्हणून बोलावणं आलं. प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण तीन यंत्रं, एकच पेट्रोल आणि तीन वेगवेगळे परिणाम इतके शेजारी शेजारी क्वचित पाहायला मिळतात. एकच मशीन बिघडली असती तर "इथेनॉलने खाल्ली" म्हणून विषय संपला असता. इथे तसं म्हणता येत नव्हतं.

गटाला मशीन का लागते

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पावसाळ्यात संत्र्याच्या ओळींमधलं गवत आठ-दहा दिवसांत गुडघ्याला येतं. ते झाडाच्या बुंध्याशी दाटलं की तिथे ओल धरते, आणि ओल धरली की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो. तणनाशक मारावं तर लहान झाडांच्या खोडावर उडायची भीती. निंदायला मजूर बोलवावे तर नेमक्या त्याच दिवसांत कपाशी आणि सोयाबीनचं निंदण सुरू असतं, बाया मिळत नाहीत. म्हणून गटाने ब्रश कटर घेतली, तासाच्या भाड्याने सभासदांना देऊ लागले. एक तरुण पोरगा ती चालवायचा, त्याला रोज ठरलेला. मशीन बंद पडली म्हणजे चार-पाच बागांचं काम अडलं आणि त्या पोराचा रोज बुडाला, असा थेट हिशेब होता.

त्यात भर म्हणजे गटाच्या बैठकीत दुरुस्तीचा खर्च पोराच्या रोजातून कापायचं बोलणं सुरू झालं होतं. ते मला पहिल्याच तासात कळलं, आणि तपासणी नीट, पुराव्यानिशी व्हायला हवी हे तिथेच ठरलं.

चालवणाऱ्याने काय सांगितलं

यंत्र उघडण्याआधी चालवणाऱ्याला विचारायचं, हा माझा नियम आहे. पिस्टन बोलत नाही, माणूस बोलतो.

"सकाळी बरी चालली भाऊ," तो म्हणाला. "जेवून आलो, डबकीतलं उरलेलं पेट्रोल टाकलं, तं रेसच घे ना. चोक अर्धा वढला का चाले, सोडला का बंद पडे. मंग तसाच चोक ठेवून मारली. तास-दीड तास झाला असन, एकदम किर्र केलं अन् गपकन बंद. मंग दोरीच वढू दे ना."

एवढ्या बोलण्यात जवळजवळ सगळं निदान होतं. चोक म्हणजे हवा अडवून इंजिनाला पेट्रोल जास्त द्यायची कळ. "डबकीतलं उरलेलं" आणि "चोक अर्धा ओढला की चाले" हे दोन शब्दप्रयोग मी वहीत लिहून घेतले.

डबकी पाहायला मागितली. पाच लिटरची पांढरी प्लास्टिकची कॅन, झाकण कधीचंच हरवलेलं, तोंडाला पॉलिथिन आणि सुतळी. ठेवायची जागा गोदामाच्या बाहेर, टिनाच्या वळचणीखाली. म्हणजे पाऊस आला की पत्र्याचं सगळं पाणी जिथे पडतं तिथेच. आदल्या दोन्ही रात्री जोराचा पाऊस झाला होता. पेट्रोल आणि तेलाचं पाच लिटर मिश्रण एकदम करून ठेवलेलं, त्यातलं तीनेक लिटर आठवडाभरात वापरलेलं, उरलेलं त्या दिवशी दुपारी टाकीत गेलं.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत

टाकी उलटी करून जे निघालं ते मी काचेच्या स्वच्छ बाटलीत घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. पंधरा मिनिटांत दोन थर दिसायला लागले. वरचा थर लालसर, कारण त्यातल्या टू-टी ऑइलला, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळायच्या तेलाला, लाल रंग होता. खालचा थर जवळजवळ बिनरंगी, किंचित गढूळ. दोघांच्या मध्ये आरशासारखी स्वच्छ रेघ.

मग दोन्ही थरांतला एक-एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकला. वरच्या थराचा थेंब वाळला तसा तेलाचा डाग राहिला, कागद उजेडात धरला की आरपार दिसावा असा. खालच्या थराचा थेंब वाळला आणि जागा कोरडी झाली, डागच नाही. गटाच्या अध्यक्षाबाई हे सगळं वाकून पाहत होत्या. त्याच म्हणाल्या, "म्हंजे खालच्यात तेलच नाही काय?"

नाही, किंवा असलंच तर नावालाच. टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. टाकीत पेट्रोल ओढणारी नळी आणि तिचं फिल्टर तळाशी पडून असतं. तळाशी तेल नसलेला थर आला की इंजिनाला तेल नसलेलं इंधन जातं, मग कॅनमध्ये तुम्ही कितीही काटेकोर मापाने तेल घातलेलं असो.

हे दोन थर का झाले ते समजून घ्यायला हवं, कारण गावातला "पेट्रोलमंदी पाणी" हा आरोप यातूनच आला होता. इथेनॉलला पाणी आवडतं, पेट्रोलला आवडत नाही. थोडं पाणी आलं तर इथेनॉल ते सामावून घेतं, पेट्रोल एकसारखंच दिसतं. पण एका मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोल सोडतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेता येतं, म्हणजे लिटरमागे एक चमचा. २० टक्क्यांच्या पेट्रोलला त्याहून जास्त पेलतं, पण तेही थोडंच. दोन लिटर उरलेल्या कॅनमध्ये पाव पेला पाणी गेलं तर थर सुटायला पुरेसं आहे. पूर्वी शुद्ध पेट्रोलात पाणी पडायचं तेव्हा नुसतं पाणी तळाशी बसायचं, मशीन फटफट करून बंद पडायची आणि नुकसान टळायचं. आता तळाशी बसतं ते पाणी आणि इथेनॉल दोन्ही, आणि ते पेटतं. धोका तिथेच आहे: मशीन बंद पडायला हवी तिथे ती अर्ध्या चोकवर चालत राहते.

सगळीकडे असं सांगितलं जातं की इथेनॉल हवेतली ओल ओढून पाणी गोळा करतं. ते खरं आहे, पण झाकण घट्ट असलेल्या कॅनमध्ये ही क्रिया इतकी सावकाश होते की नुसत्या हवेने थर सुटणं मी आमच्या भागात फारसं मानत नाही. आमच्याकडे पाणी येतं ते पावसातून, उघड्या तोंडाच्या कॅनमधून, आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून आणताना तळाशी राहिलेल्या घोटभर पाण्यातून.

सिलिंडर उघडल्यावर

सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे दिसत होते. सिलिंडर काढल्यावर चित्र पूर्ण झालं. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूलाही आणि कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बाजूलाही. रिंग खाचेत चिकटलेली. सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा थर लिंपलेला. क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची पेटी, जिथे नेहमी तेलाचा ओलसर हात असतो, ती कोरडी. बेअरिंगच्या कडेला गंजाचे बारीक तपकिरी ठिपके.

बाजू पाहणं महत्त्वाचं असतं. मशीन फक्त तापून पिस्टन पकडते तेव्हा ओरखडे बहुतेक सायलेन्सरच्या बाजूला असतात, कारण तीच बाजू जास्त तापते. कार्बोरेटरच्या बाजूने थंड, ताजं मिश्रण येतं. तिथेही भिंत घासलेली असेल आणि क्रँककेस कोरडी असेल तर तेल पोचलं नाही असं समजायचं. इथे तसंच होतं.

पण स्पार्क प्लग आणखी काही सांगत होता. त्याचं टोक पांढरट होतं, आणि तो रंग एका दुपारचा नव्हता. म्हणजे ही मशीन तेल संपायच्या आधीपासूनच कितीतरी दिवस पातळ मिश्रणावर, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी चालत होती.

त्याचा हिशेब असा. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने एकाला साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ भाग. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू शुद्ध पेट्रोलवर बसवलेला असेल तर त्याच स्क्रूवर ई२० भरल्यावर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. नव्या मोटारसायकलीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. ब्रश कटरला असलं काही नाही. तिच्यात एक जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक), एक-दोन स्क्रू आणि रबरी पडदा एवढंच असतं. कारखान्यात जे बसवलं तेच ती आयुष्यभर करत राहते. पातळ मिश्रणावर मशीन उलट छान, चढ्या आवाजात पळते, म्हणून चालवणाऱ्याला ती "मस्त चालते" असं वाटतं. तापमान मात्र वाढत असतं. मोर्शीच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा एअर-कूल्ड इंजिनाला मुळातच वाव कमी असतो.

पंपाची चौकशी

पंपावर आरोप झाला होता, तो खरा की खोटा हे ठरवणं भाग होतं. मी काचेच्या कोरड्या बाटलीत त्याच पंपावरून ताजं पेट्रोल घेतलं. रात्रभर ठेवलं, एकच थर, स्वच्छ. मग शाळेच्या प्रयोगशाळेतून १०० मिलीचं मोजपात्र आणलं. त्यात २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल, तोंड बंद करून हलवलं, आणि ठेवून दिलं. पाण्याची रेघ २० वरून ३६ च्या जवळ गेली. पाण्याने इथेनॉल ओढून घेतलं ते सोळाएक मिली, म्हणजे ८० च्या २० टक्के. पंपावर जे मिळतं असं सरकार सांगतं तेच मिळत होतं, पाणी नव्हतं. हे मी बैठकीत सगळ्यांसमोर परत करून दाखवलं, कारण भांडण करून आलेल्या माणसांना आकडा सांगून पटत नाही, पाहून पटतं.

ज्याला शंका असेल त्याने पंपावर फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरचं माप मागावं. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि पंपाला ते दाखवावं लागतं. फक्त फिल्टर पेपरने इथेनॉल कळत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी मशीन, जी चालूच होत नव्हती

दुसऱ्या बागाईतदाराने ती दिवाळीच्या आधी वापरून भिंतीला टांगून ठेवली होती, टाकी अर्धी भरलेली. सगळा उन्हाळा टिनाच्या शेडमध्ये. आता उतरवली तेव्हा टाकीतलं पेट्रोल गडद झालेलं, वार्निशसारखा वास. तिथे पाण्याचा काही संबंध नव्हता.

कार्बोरेटर उघडला. आतला पडदा, जो मऊ आणि बोटाने दाबला की लवणारा असायला हवा, तो एक्स-रे फिल्मसारखा कडक झाला होता. पडदा लवला नाही तर सुई उचलली जात नाही, सुई उचलली नाही तर पेट्रोल येत नाही. दोरी ओढून खांदा दुखेल, मशीन चालू होणार नाही. सुईच्या बैठकीवर चिकट थर, धातूवर पांढरी भुकटी. टाकीतली पारदर्शक नळी पिवळी पडून ताठ झालेली, वळवली तशी तिला बारीक चीर गेली. प्राइमरचा, म्हणजे दाबून पेट्रोल ओढायचा, रबरी फुगा चिकट.

इथे इथेनॉलचा हात नक्की आहे. स्वस्त रबर आणि स्वस्त प्लास्टिकची नळी त्यात फुगते, मग वाळताना आखडते. पण आठ-नऊ महिने टाकीत ठेवलं तर शुद्ध पेट्रोलही गोंद धरतंच. लुनाच्या काळापासून ज्यांनी अशी इंजिनं उघडली आहेत त्यांना हा चिकट थर ओळखीचा आहे. इथेनॉलने तो काळ कमी केला, रोग नवा आणला नाही, असं माझं मत आहे. दुरुस्ती सोपी झाली: पडद्यांचा संच, नवी नळी, नवं फिल्टर, आणि मशीन तिसऱ्या ओढीला सुरू.

तिसरं यंत्र का टिकलं

पाठीवरचा फवारा एक वयस्क काकाजी चालवतात. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यांची पद्धत अशी: सकाळी लिटरभरच पेट्रोल आणायचं, त्यात टू-टी ऑइलचं पाकीट ओतायचं, हलवायचं, संध्याकाळी उरलं तर मोटारसायकलमध्ये नाही तर कुणाच्या तरी मशीनमध्ये टाकून मोकळं व्हायचं. शेवटी खालचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. मी विचारलं, असं का? "पेट्रोल भरून ठेवलं तं उंदीर नळी कुरतडते, म्हून रिकामं ठेवतो."

कारण काहीही असो, पद्धत बरोबर होती. त्या फवाऱ्याचा कार्बोरेटर वाटीचा, त्यात रबरी पडदा नाही, हाही भाग आहे. पण तेच पेट्रोल, तेच गाव आणि यंत्र व्यवस्थित, हा पुरावा मला बैठकीत सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

गटापुढचे पर्याय

बैठकीत तीन-चार सूचना आल्या. पहिली, आणि सगळ्यात आवडती, "पाणी टाकून इथेनॉल धुऊन काढू." मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात, आणि मी मोजपात्रात तेच करून दाखवल्यामुळे काहींना ते आणखी सोपं वाटलं. मी याला स्पष्ट विरोध केला. पाच लिटरमधलं लिटरभर इंधन फेकलं जातं, तेही पैसे मोजलेलं. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे ठोके न देता जळायची क्षमता, वाढलेला असतो, ते काढलं की उरलेलं पेट्रोल हलकं पडतं आणि तापलेल्या इंजिनात ठोके द्यायला लागतं. धुतलेल्या पेट्रोलात पाण्याचा अंश राहतोच. आणि शेतात, विहिरीच्या जवळ, बादलीभर पेट्रोल हलवत बसणं हा आगीशी खेळ आहे. प्रयोगशाळेत १०० मिली वेगळे, घरी पाच लिटर वेगळे.

दुसरी सूचना इथेनॉल नसलेलं पेट्रोल आणायची. ते आमच्या तालुक्याच्या पंपावर मिळत नाही, विषय तिथेच संपला.

तिसरी, तेल दुप्पट घालायची. ऐकायला बरी वाटते, पण तेल जितकं जास्त तितकं त्याच मापात पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण आणखी पातळ, प्लग काळा आणि सायलेन्सर कोळशाने चोंदलेला. पुस्तिकेत २५ ला १ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. यात गावोगाव घोळ होतो, कारण माप म्हणून झाकण वापरतात आणि झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. गटाला मी इंजेक्शनची मोठी सिरिंज वापरायला सांगितली. तेलही टू-टीचंच, एअर-कूल्ड इंजिनासाठीचं. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं इंजिन ऑइल घातलं की प्लगवर राख बसते.

चौथी सूचना बॅटरीची मशीन घ्यायची होती. वाईट नाही. पण दिवसभर गवत कापायला दोन-तीन बॅटऱ्या लागतात आणि बागेत लाइन रात्रीची येते. तो निर्णय गटाने पुढच्या वर्षावर टाकला, आणि मला तो पटला.

काय केलं

पहिल्या मशीनला नवा पिस्टन, रिंग, सिलिंडर आणि बेअरिंग बसवले. कार्बोरेटर धुतला, पडदे आणि नळ्या बदलल्या. मग मिश्रण जुळवलं. मुख्य स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असते, ती थोडंच फिरू देते. तेवढ्या मर्यादेत स्क्रू उलट दिशेने, एका वेळी वळशाचा आठवा भाग, सोडत गेलो. पूर्ण रेसवर, गवत न कापता, इंजिनाचा आवाज सलग किंचाळण्याऐवजी किंचित बुडबुडल्यासारखा झाला आणि गवतात घातल्यावर तो साफ झाला, तिथे थांबलो. मंद रेसवर पातं फिरत नाही याची खात्री केली. चालवणाऱ्या पोराला तो आवाज दोन-तीनदा ऐकवला. कान तयार झाला की त्याला माझी गरज नाही.

कॅन बदलली. दोन लिटरची, झाकणाला रबरी वायसर असलेली, सावलीत आणि पत्र्याच्या पाण्यापासून दूर. मिश्रण दोन-तीन दिवसांना पुरेल एवढंच, तारीख खडूने कॅनवर. भरण्यापूर्वी हलवायचं, तळाशी उरलेला शेवटचा घोट टाकीत न ओतता काचेच्या बाटलीत पाहायचा. दोन थर दिसले तर सगळंच फेकायचं, हलवून "परत एक" करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे मी पोराकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं: गरम मशीन चोकशिवाय चालत नसेल तर बंद करायची. चोक ओढून काम उरकायचं नाही.

दुरुस्तीचा खर्च पोराच्या रोजातून कापायला मी ठाम विरोध केला. झाकण नसलेली कॅन गटाची, ठेवायची जागा गटाची, पुस्तिका वाचून दाखवायची जबाबदारी गटाची. पोराला जे सांगितलं नव्हतं त्याची किंमत त्याने का द्यावी? अध्यक्षाबाईंनी खर्च भाड्याच्या पैशातून घ्यायचं ठरवलं आणि दोन-तीन सभासदांची कुरकुर झाली तरी ते तसंच राहिलं.

इथेनॉलबद्दल

प्रकरण वाचून कुणी इथेनॉलच बंद करा म्हणेल, म्हणून एवढं सांगणं भाग आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम देशात २००३ पासून आहे. १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. हे इथेनॉल उसातून, मक्यातून, तांदळातून येतं. बुलढाण्याच्या मक्याला त्यातून गिऱ्हाईक मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. माझी तक्रार इथेनॉलशी नाही. पण गाड्यांसाठी नियम झाले, रबर बदललं, टाकीच्या झाकणाजवळ ई२० च्या चिकटपट्ट्या आल्या; खांद्यावरच्या या लहान यंत्रांचा विचार कुणी केल्याचं आम्हाला दिसलं नाही. या तिन्ही यंत्रांवर कुठेही किती टक्के इथेनॉल चालेल ते लिहिलेलं नव्हतं. परदेशी यंत्रांच्या बऱ्याच पुस्तिकांत साध्या कार्बोरेटरला १० टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. ब्राझीलमध्ये २०१५ पासून पेट्रोलात २७ टक्के इथेनॉल होतं, तिथे अशी यंत्रं चालतात, म्हणजे यंत्र तसं बनवता येतं. ते बनवलं आहे की नाही, हे विकत घेणाऱ्याला कळायला हवं, एवढंच मागणं आहे. चार एकराच्या माणसाला पंधरा-वीस हजारांची मशीन दोन हंगामांत गमावणं परवडत नाही.

त्यानंतर

सप्टेंबरच्या शेवटी मी गटाकडे परत गेलो. प्लग काढून पाहिला, टोक फिकट तपकिरी, जसं हवं तसं. पोरगा मशीन स्वतः जुळवतो आणि दुसऱ्या बागाईतदाराचीही त्यानेच सेट करून दिली. नवी नळी मात्र इतक्या लवकर परत ताठ व्हायला लागली होती. बाजारात मिळणारी पारदर्शक नळी दिसायला चांगली, पण ई२० मध्ये टिकत नाही. काळी, जाड रबराची इंधनाची नळी तालुक्यात मिळत नव्हती, ती अमरावतीहून मागवली.

गटाने विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, या मशीनला किती टक्के इथेनॉल चालतं? "सगळं चालते" असं तोंडी उत्तर मिळालं. लिहून मागितलं तेव्हा मिळालं नाही. पुढची मशीन घेताना ई२० चालेल असं बिलावर लिहून घ्यायचं आणि नाही लिहिलं तर त्या दुकानातून घ्यायची नाही, असा ठराव गटाने वहीत नोंदवून ठेवला आहे. तालुक्यातल्या आणखी दोन गटांनी तो उतरवून नेला.